गाडगेबाबांचा खराटा उंबरठ्याबाहेरच का थांबला?

२० डिसेंबर आला की अमरावतीच्या गाडगेनगरातील समाधीजवळ गर्दी होते. पुढारी येतात, हार घालतात, नवा कोरा खराटा हातात घेऊन फोटोपुरते दोन मिनिटे झाडतात आणि गाडीत बसून निघून जातात. दुसऱ्या दिवशी स्वच्छतेच्या पुजाऱ्याला अभिवादन केल्याची बातमी छापून येते. सन २००० नंतर महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु शासनाने आणि समाजाने गाडगेबाबांचा खराटा तेवढा उचलला आणि तो गावाच्या रस्त्यावर फिरवून परत कोपऱ्यात ठेवला. गाडगेबाबा दिवसा रस्ता झाडीत आणि रात्री कीर्तनात घर झाडीत. दारू, कर्ज, सण-बारशात होणारी उधळपट्टी आणि त्यातून बायकापोरांच्या वाट्याला येणारी उपासमार व मारझोड, ही घरातली घाण ते झाडीत होते. त्या अर्ध्या गाडगेबाबांना आपण विसरलो.

प्रस्तुत लेखक अमरावती व अकोला जिल्ह्यांतील न्यायालयांत वकिली करतो. घरगुती छळाच्या प्रकरणांत पीडित महिलांची बाजू मांडणे हा रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून गाडगेबाबांचे चरित्र आज त्या बाजूने वाचकांसमोर ठेवायचे आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे झाला. हे गाव आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. जात परीट. वडील झिंगराजी, आई सखुबाई. त्या काळचा वऱ्हाड कसा होता हे लक्षात घेतले पाहिजे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, पुढे रेल्वे आली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला. पिकाचा रोख पैसा गावात आला. पण त्या पैशाची वाट पाहत दोन माणसे आधीच बसलेली होती, एक सावकार आणि दुसरा दारूच्या दुकानाचा ठेकेदार. कष्टकरी जातीच्या माणसाच्या हातात पैसा येई आणि घर गाठण्यापूर्वीच संपून जाई.

झिंगराजीचे तेच झाले. जातीच्या जेवणावळीत दारू चालतच असे. देवाला बोकड आणि पंगतीला दारू हा रिवाज होता आणि रिवाज मोडण्याची हिंमत कोणात नव्हती. त्या पंगतीतून लागलेली दारू झिंगराजीच्या जिवावर उठली. घर गेले, भांडी गेली, शेवटी माणूसही गेला. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. मरताना बापाला पश्चात्ताप झाला आणि पोराला या व्यसनापासून दूर ठेव असे त्याने सखुबाईला बजावले, असे चरित्रकार सांगतात.

सखुबाईच्या जागी आजची एखादी बाई आमच्या टेबलासमोर येऊन बसली तर आम्ही काय लिहू? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने हिंसेची जी व्याख्या केली तीत हात उगारणे हा एकच प्रकार नाही. शिवीगाळ, अपमान आहे आणि आर्थिक छळही आहे. घरखर्चाचा पैसा न देणे, बाईचे स्त्रीधन विकणे, घरातल्या वस्तू परस्पर मोडून खाणे, हे सारे त्यात येते. सखुबाईवर जे गुदरले ते या व्याख्येत बसते. मात्र हा कायदा यायला आणखी सव्वाशे वर्षे लागायची होती. तिच्यापुढे वाट एकच होती. लेकराचे बोट धरून ती मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, माहेरी निघून आली.

दापुऱ्यात मामा चंद्रभान यांच्या घरी डेबू वाढला. गुरे राखली, नांगर धरला. पोर कष्टाळू होते, शेती फुलवली. पण मामाला अक्षरओळख नव्हती. सावकाराने पुढे केलेल्या कागदावर विश्वासाने अंगठा उठवला आणि कागदावर काय लिहिले आहे ते जमीन जाण्याची वेळ आली तेव्हाच कळले. त्या धक्क्याने मामा खचला आणि गेला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा हातात काठी घेऊन तरुण डेबूजी आडवा उभा राहिला, ही हकीकत वऱ्हाडात अजून सांगतात. आम्हाला मात्र काठीपेक्षा तो अंगठा जास्त आठवतो. ज्या भाषेत कागद लिहिला ती भाषा ज्याला वाचता येत नाही त्याचे काय होते, हे डेबूजीने घरातच पाहिले. या अंगठ्याकडे आपण पुन्हा येऊ.

१८९२ साली कुंताबाईशी लग्न झाले. पुढे पहिली मुलगी आलोका हिचे बारसे आले. जातभाई जमले, त्यांना बोकडाचे मटण आणि दारू हवी होती. डेबूजीने पंगतीला गोडाधोडाचे जेवण वाढले. लोक चिडले, कुरकुरले, जातीचा रिवाज मोडला म्हणून बोलू लागले. तरी डेबूजी मागे हटला नाही. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात शाकाहाराची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तिचा खरा अर्थ वेगळा आहे. ज्या पंगतीत बापाला दारू लागली ती पंगतच त्याने आपल्या दारात बंद केली. आणि ती कोणत्या दिवशी? मुलीच्या बारशाच्या दिवशी. जातीच्या पंचांपुढे उभे राहून रिवाज मोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी जातपंचायतीचा जाच सोसला त्यांनाच कळेल. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करायला २०१६ साल उजाडले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटेच्या अंधारात डेबूजीने घर सोडले. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि गाडगे. मागे आई, बायको आणि लेकरे राहिली.

इथे आम्हाला थांबावे लागते. गाडगेबाबांवर भक्ती करणारे लेखक या जागी भरभर पुढे जातात. वकिलाला तसे करता येत नाही. बायको आणि लहान मुले यांच्या पोटाची सोय न करता घर सोडणे हे कायद्याच्या भाषेत टाकून जाणे आहे. त्या काळच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही कलम ४८८ होते आणि टाकलेल्या बायकोला त्याखाली पोटगी मागता येत असे. दापुऱ्याच्या कुंताबाईला हे कोण सांगणार? बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जुनी कथा नाकारली. त्यांचा सिद्धार्थ रात्री चोरपावलांनी निघून जात नाही. आईबापाला आणि यशोधरेला सांगून, तिची संमती घेऊन जातो. बाबासाहेबांनी यशोधरेला विचारले, कुंताबाईला कोणी विचारले नाही. गाडगेबाबांविषयी पूर्ण आदर ठेवून हे लिहीत आहोत. पुढे लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या तेव्हा आपल्या नातलगांपैकी कोणी त्यातला पैसा वापरू नये असा त्यांचा कटाक्ष होता. कुंताबाई साधेपणाने राहिल्या. एकुलता मुलगा गोविंद पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गेला, ती बातमी गाडगेबाबांना कीर्तनाच्या वेळी मिळाली आणि कीर्तन थांबले नाही, हे सगळे सांगतात. घरात बसलेल्या आईचे त्या दिवशी काय झाले, हे कोणी सांगत नाही.

घर सोडल्यानंतरचा माणूस मात्र दुसऱ्यांच्या घरांसाठीच राबला, हेही तितकेच खरे. पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौषात तिथे यात्रा भरते आणि नदीत आंघोळ केली की ऋण फिटते अशी समजूत. काठावर चिखल माजलेला असे, म्हातारी माणसे घसरून पडत. गाडगेबाबा तिथे माणसांना हात देऊन वर चढवीत. पुढे त्यांनी तिथे घाट बांधून घेतला. सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेलेली ज्याने पाहिली, त्याला आंघोळीने ऋण कसे फिटते हे काय पटणार? त्या यात्रेतच त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली.

गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीत नीट समजून घेतली पाहिजे. ते उपदेश थोडा करीत आणि प्रश्न फार विचारीत. कर्ज कोणी काढले, कशासाठी काढले, लग्नात किती उडवले, दारूवर किती गेले, पोरगा शाळेत जातो की नाही, घरी बाई काय खाते, असे एकामागून एक प्रश्न. उत्तर लोकांनीच द्यायचे. हजार माणसांत बसलेला दारुडा स्वतःच्या तोंडाने कबूल करी की दारू वाईट. मध्ये गोपालाचा गजर, पुन्हा प्रश्न. भाषा शुद्ध वऱ्हाडी. पंडिताची, पुराणिकाची, कचेरीची नाही. मुंबईत गेले तरी तीच भाषा. ज्या भाषेत नवरा घरी बायकोवर खेकसतो त्याच भाषेत त्याला जाब विचारला जात होता, म्हणून तो आत शिरत होता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाडगेबाबा हे सर्व पुरुषांशी बोलत होते. आज कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधाचे कार्यक्रम आम्ही पाहतो, त्यात भाग घेतो. हॉलमध्ये खुर्च्यांवर कोण बसलेले असते? बचत गटाच्या महिला, अंगणवाडी सेविका, मदतनीस. मार खाणाऱ्यांना मार कसा टाळावा हे सांगायचे आणि मारणारा पानठेल्यावर उभा. महिला दिनाला पुरुषांना बोलावत नाहीत. गाडगेबाबा मार पडण्याच्या आधी, मारणाऱ्याकडे, चारचौघांत जात. आमचा कायदा मार पडल्यानंतर, मार खाणारीकडे आणि कागद घेऊन जातो.

कागदाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. कायदा चांगला आहे. हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे पण अनुसूचित जमातींना साधारणपणे लागू नाही. मुस्लिम भगिनींचा विवाहाचा कायदा निराळा आहे. हा कायदा मात्र धर्म, जात, जमात न पाहता सर्व स्त्रियांना आहे. कलम १२ खाली अर्ज केला की पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत द्यायची, साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा. संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा आदेश, पैशाची मदत, मुलांचा ताबा, सर्व एका अर्जात मागता येते. नियमांत असेही आहे की संरक्षण अधिकाऱ्याने बाईला तिच्या हक्कांची माहिती इंग्रजीत किंवा स्थानिक भाषेत द्यावी.

स्थानिक भाषा म्हणजे कोणती? अमरावती-अकोल्यात मराठी, असे साहेब लोक म्हणतील. पण धारणी-चिखलदऱ्याच्या घरांत कोरकू बोलतात. तिचे मराठीशी नाते नाही, ती मुंडा कुळातली भाषा आहे. बार्शीटाकळी-पातूरकडच्या तांड्यांवर गोरमाटी चालते आणि भांडणाचा निवाडा नाईक-कारभारी त्या भाषेत करतात. अचलपूर, बाळापूर आणि अकोल्याच्या मोहल्ल्यांत उर्दू आहे. पारध्यांच्या बेड्यावर आणखी निराळी बोली. आणि मराठी म्हणावी तर वऱ्हाडी बाईच्या तोंडची मराठी आणि छापील फॉर्मची मराठी या दोघींची भेट झालेली नाही. आर्थिक हिंसाचार हा शब्द वाचून दाखवला तर बाई नाही म्हणते. तुझ्या मजुरीचा पैसा कोण घेतो असे विचारले तर अर्धा तास बोलते.

काही वर्षांपूर्वी मेळघाटातली एक कोरकू बाई आमच्याकडे आली. तिने आधीच एका ठाण्यात तक्रार दिली होती. त्या तक्रारीत अर्धे पान मजकूर होता. नवराबायकोत किरकोळ वाद झाला, आता समेट झाला आहे, काही तक्रार नाही. खाली तिचा अंगठा. बाईच्या हाताचे हाड मोडलेले होते. चौकशी केली तेव्हा कळले की ठाण्यात तिचे बोलणे मराठीत सांगायला जो माणूस बसला होता तो नवऱ्याचा चुलतभाऊ. यात कोणाचा मोठा कट होता असे समजू नका. त्या गावात मराठी कोणाला येते? जो बाजाराला जातो, मजुरांची टोळी घेऊन बाहेर पडतो, कचेरीत उभा राहतो त्याला. म्हणजे पुरुषाला. म्हणजे नवऱ्याच्या घरच्या माणसाला. बाईची तक्रार नवऱ्याच्या तोंडून लिहिली गेली आणि ती सरकारी दप्तरात खरी ठरली. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत पुरावा झाला तर तो त्याला समजेल अशा भाषेत सांगावा, ही तरतूद आपल्या फौजदारी प्रक्रियेत इंग्रजांच्या काळापासून आहे. मार खाल्लेल्या बाईसाठी ठाण्याच्या टेबलावर दुभाषी कोण असावा, नात्यातला नसावा, शक्यतो बाई असावी, हे मात्र अजून ठाणेदाराच्या मर्जीवर सोडलेले आहे.

चंद्रभान मामाच्या अंगठ्याला शंभराहून जास्त वर्षे झाली. कागद तोच, अंगठा तोच.

एवढे असूनही केवळ कीर्तनाने भागले असते असे आम्ही म्हणत नाही. गाडगेबाबांनी नवऱ्याला सुधारायला सांगितले. नवरा सुधारला नाही तर बाईने काय करायचे, हा प्रश्न त्यांच्या कीर्तनात फारसा नव्हता. तो प्रश्न चळवळीने विचारला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेत घटस्फोटाचा हक्क बायकोलाही असावा, पुरुषाला एकापेक्षा जास्त बायका करण्याची मुभा कायद्याने बंद करावी, असे ठराव झाले. गिरणीत, विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांच्या रजेचे आणि पेन्शनचे ठरावही होते. बाबासाहेबांनी त्या परिषदेत लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून राहावे, दासी म्हणून राहू नये, असे बजावले. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. घटस्फोट आणि एकपत्नीत्व १९५५ च्या कायद्याने आले. सुलोचनाबाईंच्या नावाचा साधा फलक अमरावतीच्या किती वस्त्यांत आहे, हे वाचकांनी आपापल्या वस्तीत बघून घ्यावे.

गाडगेबाबा आणि बाबासाहेब यांचा स्नेह सर्वांना ठाऊक आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, कारण तिथे मुले शिकणार होती. एकाने नवऱ्याच्या हातची बाटली काढायचा प्रयत्न केला, दुसऱ्याने बायकोच्या हातात कायदा दिला. आपण मात्र दोघांच्याही जयंत्या केल्या. कडू लागेल, पण लिहावेच लागेल. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांच्या तोंडाचा वास घेतला तर ते शील कुठे गेले ते कळते. रात्री मिरवणूक संपली की ती पोरे घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाया आमच्याकडे येतात. आपल्या वस्त्यांत हिंसा नाही, ती सवर्णांच्या घरात हुंड्यासाठी होते, असे भाषणात सांगणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. त्यांपैकी एक-दोघांच्या घरचे अर्जही पाहिले आहेत.

दारूबंदीच्या बाबतीत बायांनी पुष्कळ केले आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते, हा नियम बायांनी रस्त्यावर उतरून मिळवला आणि महाराष्ट्रात कितीतरी गावांत वापरला. पण दुकान बंद झाले तरी मोहाची हातभट्टी आणि मोटारसायकलवरून येणाऱ्या पिशव्या बंद होत नाहीत. तिथे पिणाऱ्याला चारचौघांत प्रश्न विचारणारा माणूस लागतो.

गाडगेबाबा शेवटपर्यंत तेच करीत राहिले. प्रकृती ढासळलेली असताना ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलिसांपुढे त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले, म्हणून आज त्यांचा आवाज आपल्याला ऐकायला मिळतो. पोलिसांपुढेही भाषा तीच वऱ्हाडी आणि रीत तीच, प्रश्नांची. त्यानंतर महिनाभरात, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. आणखी चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्राण सोडला. ज्या जिल्ह्यात जन्मले त्याच जिल्ह्याच्या मातीत त्यांची समाधी झाली.

मेळघाटच्या त्या बाईचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही तिच्या बाजूने न्यायालयात अर्ज केला आणि पहिल्या जबाबाला हरकत घेतली. दुभाषी म्हणून तिच्याच भागातली एक कोरकू शिक्षिका, नात्यागोत्यातली नसलेली, स्वतःहून तयार झाली. शिक्षिकेने फॉर्म बाजूला ठेवला आणि बाईला विचारू लागली. सकाळी काय शिजवले, मजुरीचा पैसा कोणाच्या खिशात गेला, त्याने कधी प्यायली, आधी कशाने मारले, लेकरू कुठे होते. बाई दुपारपर्यंत बोलली. अर्ध्या पानाच्या जबाबाची सात पाने झाली. शेवटी शिक्षिकेने सातही पाने तिला कोरकूत वाचून दाखवली. बाईने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि मग अंगठा उठवला.